पोलिसांना नसलेली एक माहिती: कोझी रहस्यकथेत हौशी गुप्तहेरावरच खुनाचा आळ का येतो

खुनाचा तपास हे पोलिसांचे काम आहे आणि शहाण्या माणसाने त्यात आपणहून पडू नये, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे मानणाऱ्या समाजात लोक साक्षीदार व्हायलाही सहसा तयार नसतात. असे असताना बेकरी चालवणारी, ग्रंथालय सांभाळणारी किंवा शाळेतून निवृत्त झालेली एखादी बाई एकामागून एक खुनांचा छडा लावत जाते आणि वाचक ते विनातक्रार मान्य करतो, असा एक कथाप्रकार इंग्रजीत गेले शतकभर भरभराटीला आलेला आहे. त्याला कोझी मिस्टरी म्हणतात. खुनी कोण, हा प्रश्न या कथेत शेवटच्या प्रकरणापर्यंत टिकवता येतो; पण या बाईने तपासात का पडावे, या प्रश्नाचे उत्तर पहिल्या तीनचार प्रकरणांतच द्यावे लागते, आणि ते पटले नाही तर पुढचे सगळे मुसळ केरात जाते. लेखकांना सापडलेले सर्वांत भक्कम उत्तर असे, की खुनाचा आळ तिच्यावरच यावा. हा आळ नेमका कसा काम करतो आणि त्याच्यामागे इंग्लंडमधील कायद्याचा व समाजाचा कोणता खराखुरा इतिहास आहे, हे या लेखात पाहायचे आहे.

आधी कथाप्रकाराची चौकट थोडक्यात सांगतो. कोझी रहस्यकथेत खून होतो, पण तो पडद्याआड. रक्तपात, छळ आणि क्रौर्य यांची वर्णने नसतात. घटनास्थळ लहान असते, म्हणजे एखादे खेडे, एखादा वाडा किंवा समुद्रकाठचे हॉटेल, आणि संशयितांची संख्या मोजकी असते. गुन्ह्याची उकल योगायोगाने होऊन चालत नाही. निरीक्षण आणि तर्क यांच्या बळावर ती व्हावी लागते आणि त्यासाठी लागणारे सर्व दुवे वाचकाच्या नजरेसमोरून आधी गेलेले असावे लागतात. या चौकटीची घडण दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इंग्लंडमध्ये झाली. अगाथा ख्रिस्ती यांची हौशी गुप्तहेर मिस मार्पल १९२७ साली एका लघुकथेत आणि १९३० साली कादंबरीत आली. त्याच १९३० साली लंडनमध्ये रहस्यकथालेखकांचा डिटेक्शन क्लब स्थापन झाला आणि जी. के. चेस्टरटन त्याचे पहिले अध्यक्ष झाले. अमेरिकेत १९८० च्या दशकापासून या प्रकाराला नव्याने बहर आला आणि मांजरे, विणकाम, केक आणि पुस्तकांची दुकाने यांची त्यात गर्दी झाली.

मिस मार्पलवर मात्र कोणी संशय घेत नाही, आणि तीच तिची ताकद असते. खिडकीशी विणत बसलेल्या म्हाताऱ्या बाईसमोर लोक मोकळेपणाने बोलतात, तिच्या प्रश्नांना गप्पा समजून उत्तरे देतात आणि ती गेल्यावर आपण काय सांगून बसलो हे विसरूनही जातात. ज्या नायिकेवर आळ आलेला आहे तिची परिस्थिती याच्या नेमकी उलट असते. कालपर्यंत तिच्या दुकानात येऊन बसणारी माणसे आज समोरच्या फुटपाथवरून जातात. तिने साधा प्रश्न विचारला तरी त्यात काहीतरी पाणी मुरते आहे असे ऐकणाऱ्याला वाटते. कोणी वाळीत टाकल्याचे जाहीर करत नाही, पण वाळीत टाकल्यासारखे वागतात. म्हणजे आळामुळे तिला तपास करण्याचे कारण मिळते आणि त्याच आळामुळे तपासाचे नेहमीचे मार्ग बंद होतात. या ओढाताणीतून कथेला जो ताण मिळतो तो केवळ हुशार निरीक्षकाच्या कथेत येऊ शकत नाही, आणि म्हणूनच मला हा उपप्रकार मूळ प्रकाराहून अधिक खोल वाटतो.

पण याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. हौशी गुप्तहेर पोलिसांच्या पुढे कशी जाते, हा या प्रकारावरचा नेहमीचा आक्षेप असतो. पोलिसांकडे प्रयोगशाळा असते, माणसे असतात, झडती घेण्याचा अधिकार असतो. तिच्याकडे यातले काहीच नसते. कच्चे लेखक यावर सोपा उपाय करतात आणि पोलिसांना बिनडोक दाखवतात. चांगल्या लेखकाला त्याची गरज पडत नाही, कारण संशयित नायिकेकडे पोलिसांना नसलेली एक माहिती पहिल्या क्षणापासून असते: खून आपण केलेला नाही, हे तिला ठाऊक असते. ही माहिती ती कोणाला पटवून देऊ शकत नाही, पण तर्कासाठी तिचे मोल प्रचंड आहे. मृतदेहाजवळ तिची कात्री सापडली असेल, तर पोलिसांच्या दृष्टीने सर्वांत साधा निष्कर्ष तिच्याविरुद्ध जातो आणि प्रामाणिक अधिकाऱ्याने त्याच दिशेने आधी जाणे योग्यच असते. तिच्या दृष्टीने मात्र तीच कात्री वेगळे काही सांगते: मंगळवारी दुपारी दुकानात येऊन, काउंटरमागच्या खणापर्यंत हात पोहोचेल असा कोणीतरी माणूस या गावात आहे. पुरावा एकच असतो, पण पोलिसांना त्यातून एक आरोपी दिसतो आणि तिला त्यातून खुन्याच्या हालचाली दिसतात. तिच्याविरुद्धचा पुरावा जितका भक्कम, तितकी तिला खऱ्या खुन्याविषयी अधिक माहिती मिळत जाते. पोलीस हुशार असूनही मागे का राहतात, याचे हे प्रामाणिक उत्तर आहे.

या सोयीसाठी वाचकालाही एक हमी लागते. नायिका स्वतः सांगते म्हणून ती निर्दोष आहे, हे वाचकाने का मानावे? रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरू आणि रहस्यकथालेखकाने १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम लिहून काढले, त्यांतला सातवा नियम असा आहे की गुन्हा खुद्द गुप्तहेराने केलेला असू नये. अमेरिकन लेखक एस. एस. व्हॅन डाइन यांनीही आदल्याच वर्षी तसाच नियम मांडला होता. नियम मोडणारे लेखक तेव्हाही होते आणि आजही आहेत, पण कोझीच्या वाचकाने हा करार गृहीत धरलेला असतो. त्यामुळे सगळे गाव एका बाजूला, नायिका आणि वाचक दुसऱ्या बाजूला, अशी विभागणी होते. ती जे जाणते ते वाचकही जाणतो आणि दोघांनाही ते सिद्ध करता येत नाही.

आळ उघड्यावर कसा येत असे

आता कायद्याकडे वळू. इंग्लंडमध्ये अनैसर्गिक किंवा अचानक मृत्यू झाला की कॉरोनर नावाचा अधिकारी चौकशी करतो. मृत व्यक्ती कोण, ती केव्हा, कुठे आणि कशाने मेली, एवढे ठरवणे हे या चौकशीचे काम असते. रहस्यकथेच्या बहराच्या काळात ही चौकशी अनेकदा गावातल्याच सभागृहात किंवा पबमध्ये भरे, ज्युरीत आजूबाजूचीच माणसे असत आणि गाव लोटून येत असे. महत्त्वाचे म्हणजे त्या ज्युरीला अमुक व्यक्तीने खून केला असे नाव घेऊन सांगण्याचा अधिकार होता आणि त्या निर्णयावरून कॉरोनर त्या व्यक्तीला खटल्यासाठी पाठवू शकत असे. म्हणजे पोलिसांनी आरोप ठेवण्याआधीच शेजाऱ्यापाजाऱ्यांनी, रीतसर शपथ घेऊन, तुमच्याकडे बोट दाखवण्याची सोय कायद्यातच होती. १९७५ साली लॉर्ड लुकन यांच्या घरातील आयाच्या मृत्यूच्या चौकशीत ज्युरीने, बेपत्ता झालेल्या लुकन यांचे नाव खुनी म्हणून जाहीर केले. त्यानंतर १९७७ च्या कायद्याने हा अधिकार काढून घेतला गेला.

रहस्यकथेला मात्र याहून अधिक उपयोगी पडला तो दुसरा निर्णय, म्हणजे "अज्ञात व्यक्ती किंवा व्यक्तींकडून खून". वरवर पाहता हा निर्णय कोणालाच दोषी ठरवत नाही. प्रत्यक्षात तो कोणालाच मोकळेही करत नाही. खून झाला हे कायद्याने नक्की झाले, खुनी आपल्यातलाच आहे हे सर्वांना कळले, आणि नाव मात्र कोणाचेच आले नाही. अशा गावात ज्याच्यावर कुजबुजीचा रोख असतो त्याला न्यायालयात जाऊन निर्दोष सुटण्याचीही संधी मिळत नाही, कारण खटलाच उभा राहत नाही. त्याला मोकळे होण्याचा एकच मार्ग उरतो, आणि तो म्हणजे खरा खुनी सापडणे. संशयित गुप्तहेराच्या कथेचा सगळा जोर याच अडचणीत आहे.

ही अडचण लेखकांनी कल्पनेतून काढलेली नाही. १८६० साली विल्टशर परगण्यातील रोड गावच्या एका घरात जेमतेम चार वर्षांच्या मुलाचा रात्री खून झाला. घर आतून बंद असल्याने खुनी घरातलाच असणार असे सर्वांनी धरले आणि संशयाची सुई आधी मुलाला सांभाळणाऱ्या आयाकडे वळली. स्कॉटलंड यार्डहून आलेले इन्स्पेक्टर जॅक व्हिचर यांनी मुलाच्या सोळा वर्षांच्या सावत्र बहिणीला, कॉन्स्टन्स केंटला, अटक केली; पण पुरावा पुरेसा नसल्याने ती सुटली आणि एका माळ्याच्या मुलाने सभ्य घरातील मुलीवर आळ घेतला म्हणून व्हिचर यांच्यावरच टीकेची झोड उठली. आयाला त्यानंतर पुन्हा अटक झाली आणि तीही सुटली. पाच वर्षांनी, १८६५ साली, कॉन्स्टन्सने कबुली दिली. त्या पाच वर्षांत आयाला कोणत्याही न्यायालयाने दोषी ठरवले नव्हते, आणि तरीही लोकांच्या मनातून तिचे नाव पुसले गेले नव्हते. बंद घर, मोजके लोक आणि प्रत्येकाचे काही ना काही लपवणे, ही रहस्यकथेची मांडणी या प्रकरणाने इंग्रजी वाचकाच्या मनात कायमची रुजवली. रहस्यकथेचे प्रेम असलेल्या प्रत्येकाने त्या आयाची आठवण ठेवावी असे मला वाटते.

सोमलाच्या वहीतली सही

कोझी कथेत बंदुकीपेक्षा विषाचा वापर जास्त होतो, आणि त्यातही सोमल, म्हणजे आर्सेनिक, लेखकांचे फार आवडते. सोमलाची पूड पांढरी असते, तिला जवळपास चव नसते आणि उलट्या-जुलाब ही तिच्या विषबाधेची लक्षणे साध्या पोटाच्या विकारासारखी दिसतात. १८३६ साली जेम्स मार्श या रसायनशास्त्रज्ञाने शरीरातील अगदी अल्प सोमलही दाखवणारी चाचणी शोधली. काचेवर उमटणारा काळसर, चकचकीत डाग हा तिचा पुरावा असे. त्यामुळे विष होते की नव्हते हा प्रश्न बराचसा सुटला. ते कोणी दिले, हा उरला.

त्यासाठी १८५१ साली इंग्लंडच्या संसदेने सोमलाच्या विक्रीचा कायदा केला. उंदीर मारायला, गुरांच्या औषधात आणि कारखान्यांत सोमल सर्रास लागत असल्याने बंदी घालणे शक्य नव्हते. म्हणून विक्रेत्याने वहीत तारीख, घेणाऱ्याचे नाव, पत्ता, व्यवसाय, किती सोमल घेतला आणि कशासाठी घेतला हे लिहून त्यावर घेणाऱ्याची सही घ्यावी, असे ठरले. घेणारा ओळखीचा नसेल तर दोघांच्या ओळखीचा साक्षीदार हवा. किरकोळ विक्रीचा सोमल काजळी किंवा नीळ मिसळून रंगवलेला असावा, म्हणजे तो पिठात किंवा साखरेत चुकून मिसळणार नाही. या विधेयकात शेवटच्या टप्प्यावर, सोमल फक्त प्रौढ पुरुषांनाच विकावा, अशीही दुरुस्ती आली होती. तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी गृहमंत्र्यांना पत्र लिहून तिला कडाडून विरोध केला आणि ती वगळली गेली. स्वयंपाकघर बाईच्या हाती असते म्हणून विषाचा संशय आधी बाईवर, ही समजूत त्या काळी कायद्याच्या मसुद्यापर्यंत पोहोचली होती, हे यावरून दिसते. रहस्यकथेतली संशयित बहुतेक वेळा बाई का असते, याचे मूळ इथे आहे.

वहीतली सही किती घात करू शकते हे १८५७ साली मॅडेलीन स्मिथच्या खटल्यात दिसले. ग्लासगोतील या सधन तरुणीचा एमिल लांजेलिए नावाच्या कारकुनाशी गुप्त प्रेमसंबंध होता. घरच्यांनी तिचे लग्न दुसरीकडे ठरवल्यावर, तिची पत्रे तिच्या वडिलांना दाखवण्याची धमकी त्याने दिली आणि काही आठवड्यांनी तो सोमलाच्या विषबाधेने मेला. मॅडेलीनने त्याच काळात औषधविक्रेत्यांकडून उघडपणे, स्वतःच्या सहीने सोमल घेतला होता. हेतू होता, विष हाती होते, नोंद होती. तरीही त्या शेवटच्या रात्री ती त्याला भेटली हे सरकार पक्षाला सिद्ध करता आले नाही, आणि एडिंबरा येथील ज्युरीने मुख्य आरोपावर "सिद्ध झाले नाही" असा त्या काळच्या स्कॉटलंडच्या कायद्यातला खास निर्णय दिला. ती सुटली, पण हा निर्णय तिला निर्दोष म्हणत नव्हता. पुढचे दीर्घ आयुष्य तिला त्याच अर्धवट निर्णयाच्या सावलीत काढावे लागले.

रहस्यकथालेखिका डोरोथी सेयर्स यांनी १९३० सालच्या एका कादंबरीत ही सगळी सामग्री घेऊन एक अत्यंत कल्पक गोष्ट केली. त्यांची हॅरिएट व्हेन ही स्वतः रहस्यकथा लिहिणारी तरुणी आहे. नव्या कादंबरीसाठी, खोटे नाव सांगून विष विकत घेता येते की नाही हे तपासायला ती दुकानांतून सोमल विकत घेते. दुर्दैवाने तिचा पूर्वीचा प्रियकर सोमलानेच मरतो. आता तिने सांगितलेले प्रत्येक सत्य तिच्या विरुद्धच जाते. विष घेतले का? होय. खोट्या नावाने घेतले का? होय. कशासाठी? खून कसा करता येईल हे पाहण्यासाठी. हौशी गुप्तहेराचे कुतूहल आणि खुन्याची पूर्वतयारी बाहेरून एकसारखीच दिसतात, हे या प्रकाराच्या गाभ्यातले सत्य इतक्या नेमकेपणाने दुसऱ्या कोणी मांडलेले माझ्या वाचनात नाही. १९३२ च्या कादंबरीत याच हॅरिएटला समुद्रकाठी मृतदेह सापडतो, आणि आधीचा खटला विसरलेला नसल्याने संशय पुन्हा आपल्याकडे वळणार हे ओळखून ती तपासात स्वतःहून पुढे राहते. ज्याच्यावर एकदा आळ आला तो माणूस पुढच्या वेळी गप्प बसू शकत नाही, हे लेखिकेने नेमके पकडले आहे.

त्या पहिल्या कादंबरीतल्या खटल्यात ज्युरीचे एकमत होत नाही आणि त्यामुळे फेरखटल्यापर्यंत तपासाला वेळ मिळतो. आजच्या वाचकाला ही पळवाट वाटू शकते, पण ती त्या काळच्या कायद्यात घट्ट बसते. इंग्लंडमध्ये १९६७ पर्यंत बाराही ज्युरींचे एकमत आवश्यक होते. एकाने जरी मान हलवायला नकार दिला तरी दोषी ठरवता येत नसे. आणि १९१९ च्या कायद्यामुळे त्या बाराजणांत स्त्रियाही येऊ लागल्या होत्या. सेयर्स यांनी ज्युरीच्या खोलीत एक मध्यमवयीन, अविवाहित, सदसद्विवेकबुद्धीला चिकटून राहणारी बाई बसवली आणि तिच्या हट्टावर आरोपीचा जीव तोलून धरला. खुनाला फाशी हीच शिक्षा ठरलेली असल्याने हा हट्ट शब्दशः जीवनमरणाचा होता. त्या काळच्या इंग्रजी कोझी कथा वाचताना हे ध्यानात ठेवायला हवे, की चहाचे कप आणि गुलाबाची रोपे यांच्या मागे फाशीचा दोर खरोखरच लोंबकळत होता; ब्रिटनमध्ये फाशीला १९६५ साली स्थगिती मिळाली आणि १९६९ साली खुनासाठीची फाशी कायमची रद्द झाली.

खुन्याने हिलाच का अडकवावे

संशयित नायिकेच्या कथेत एक प्रश्न वाचक नेहमी विचारतो. खुन्याने खून पचवण्यासाठी अपघाताचा देखावा का केला नाही, दुसऱ्याला अडकवण्याची जोखीम का घेतली? याचे एक उत्तर वारसा कायद्यात आहे आणि ते मला फार देखणे वाटते. १८८९ साली लिव्हरपूलच्या फ्लॉरेन्स मेब्रिक हिला नवऱ्यावर सोमलाचा विषप्रयोग केल्याबद्दल दोषी ठरवण्यात आले. माश्या मारायचे सोमलयुक्त कागद तिने पाण्यात भिजवून ठेवलेले नोकरांनी पाहिले होते. तिचा खुलासा होता की ते चेहऱ्याला लावायच्या औषधासाठी होते, आणि नवरा स्वतःच टॉनिक म्हणून सोमल घेत असे हेही खरे होते. फाशीची शिक्षा पुढे जन्मठेपेत बदलली आणि १९०४ साली ती सुटली. पण तिच्या नवऱ्याच्या विम्यावरून १८९२ साली जो दिवाणी खटला झाला, त्यात इंग्लंडच्या न्यायालयाने स्पष्ट केले की स्वतःच्या गुन्ह्यातून कोणालाही लाभ घेता येणार नाही. आपल्याकडे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाचे कलम २५ हेच सांगते: खून करणारा, किंवा त्याला मदत करणारा, मृताचा वारस होऊ शकत नाही.

आता हा नियम खुन्याच्या नजरेने पाहा. श्रीमंत आत्याचे दोन भाचे वारस आहेत. एकाने आत्याला मारले आणि अपघात भासवला, तर त्याला निम्मी मालमत्ता मिळते. त्याने खून उघडपणे खून दिसू दिला आणि दुसऱ्या वारसाला त्यात अडकवले, तर तो दुसरा वारस कायद्यानेच बाद होतो. म्हणजे आळ घालणे हा खुन्याचा बचाव तर आहेच, पण तोच त्याच्या लाभाचा मोठा भाग आहे. कुशल लेखक ही गोष्ट मृत्युपत्राच्या वाचनाच्या प्रसंगात उघड्यावर ठेवतो आणि वाचक मात्र कोणाला किती मिळाले एवढेच पाहत राहतो. कोझी वाचताना मृत्युपत्र आले की कोणाला काय मिळते याबरोबरच, अमुक माणूस तुरुंगात गेला तर त्याचा वाटा कोणाकडे जातो, हेही पाहत चला.

आळ कथेत किती काळ टिकवायचा, हीही लेखकाची परीक्षा असते. फारच भक्कम पुरावा दिला तर पोलीस नायिकेला अटक करतील आणि तपास करायला ती बाहेरच राहणार नाही. फारच पोकळ दिला तर वाचकाला धोका जाणवणार नाही. म्हणून चांगल्या पुस्तकांत तिच्याविरुद्ध हेतू आणि संधी असते, पण एक कडी नेमकी गहाळ असते: वेळ जुळत नाही, हत्यार सापडलेले नसते, किंवा तिला पाहिल्याचे सांगणारा साक्षीदार डळमळतो. ही कडी जोडू शकेल असा काहीतरी पुरावा नायिकेच्या हाती लागतो आणि तो पोलिसांना द्यायचा की नाही हा पेच उभा राहतो. ती तो लपवते अशी पुस्तके भरपूर आहेत आणि मला ती मनापासून खटकतात. निर्दोष माणसाने पुरावा नाहीसा केला तर तो तिथून पुढे पूर्ण निर्दोष राहत नाही. आपल्या भारतीय न्याय संहितेत गुन्हेगाराला वाचवण्यासाठी पुरावा नाहीसा करणे हा कलम २३८ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. जी नायिका आपल्या तोट्याचा पुरावाही पोलिसांसमोर नेऊन ठेवते आणि तरीही आपले म्हणणे सिद्ध करते, तिची कथा लिहायला अवघड आणि वाचायला कितीतरी समाधानाची असते.

हीच कथा महाराष्ट्रात घडली तर

मराठीत हौशी गुप्तहेर नवा नाही. भा. रा. भागवतांच्या फुरसुंगीच्या बनेश फेणेने पिढ्यान्‌पिढ्या मुलांना त्याची गोडी लावली. मात्र मोठ्यांसाठीच्या मराठी हेरकथेचा कल बाबूराव अर्नाळकरांपासून साहसाकडे राहिला, आणि स्वतःवरचा आळ धुऊन काढणारी घरगुती नायिका आपल्याकडे फारशी रुजली नाही. ती रुजवायची तर इथला कायदा लेखकाने नीट समजून घेतला पाहिजे, कारण तो या कथेला इंग्लंडहून वेगळा आकार देतो.

कॉरोनर मुंबईतही होता. १८७१ च्या कायद्याने तो मोजक्या मोठ्या शहरांपुरता ठेवला होता आणि मुंबईतले हे पद विसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाले. बाकी महाराष्ट्रात अशा मृत्यूची पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यू म्हणून नोंद होते, पंचांसमक्ष पंचनामा होतो आणि मृतदेह शवविच्छेदनाला जातो. गावासमोर भरणारी जाहीर चौकशी इथे नाही. इथे आळ पसरतो तो पंचांच्या तोंडून, पोलीस पाटलाच्या ओट्यावरून आणि जबाबासाठी कोणाला किती वेळा बोलावले याच्या हिशेबातून.

पुराव्याच्या बाबतीत मात्र इथल्या न्यायालयांनी संशयित नायिकेच्या बाजूने फार स्पष्ट भाषा वापरली आहे. १९७३ साली महाराष्ट्रातल्याच एका खून खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की आरोपी दोषी असू शकेल आणि आरोपी दोषी असलाच पाहिजे, या दोहोंमधले अंतर मोठे आहे. १९८४ साली, पुण्यात सायनाइडने झालेल्या एका विवाहितेच्या मृत्यूच्या खटल्यात, खालच्या दोन्ही न्यायालयांनी दिलेली फाशी रद्द करताना याच न्यायालयाने परिस्थितीजन्य पुराव्याची पाच तत्त्वे मांडली. त्यांचा आशय असा, की प्रत्येक परिस्थिती पूर्णपणे सिद्ध झालेली हवी, ती आरोपीच्या दोषाशीच जुळणारी हवी, निर्णायक स्वरूपाची हवी, दोष सोडून इतर प्रत्येक शक्यता तिने फेटाळलेली हवी, आणि सगळ्या कड्या मिळून साखळी अशी पूर्ण हवी की निर्दोषत्वाला वाजवी जागाच उरू नये. रहस्यकथेच्या लेखकाने ही पाच तत्त्वे भिंतीवर लावून ठेवावीत. नायिकेविरुद्धच्या साखळीत कोणती कडी तुटकी आहे आणि खुन्याविरुद्धच्या साखळीत ती कशी भरून निघते, एवढे ठरले की कथानकाचा सांगाडा उभा राहतो.

सर्वांत मोठा फरक शेवटच्या प्रसंगात पडतो. इंग्लंडच्या कोझीत सगळ्यांना दिवाणखान्यात जमवायचे, इन्स्पेक्टरला कोपऱ्यात बसवायचे आणि खुन्याने सर्वांसमक्ष कबुली द्यायची, ही रीत आहे. आपल्याकडे पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम २५ हे सांगत होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम २३ तेच सांगते. पोलीस कोठडीत असताना दिलेली कबुलीही दंडाधिकाऱ्यासमोर दिलेली नसेल तर चालत नाही. पोलिसांना सांगितलेल्या गोष्टीवरून एखादी वस्तू सापडली, तर तिच्याशी थेट निगडित असलेला तेवढाच भाग पुराव्यात येतो. पण कोठडीबाहेर असलेल्या माणसाने शेजाऱ्याला, मित्राला किंवा पिठाच्या गिरणीच्या मालकिणीला, कोणतेही आमिष वा धाक नसताना, स्वखुशीने दिलेली कबुली न्यायालय विचारात घेऊ शकते. असा पुरावा दुबळा मानला जातो आणि त्याला दुसऱ्या पुराव्याचा आधार लागतो, पण तो वर्ज्य नाही. म्हणजे मराठी कथेत इन्स्पेक्टर खोलीत बसलेला असण्यापेक्षा नसणेच कथेच्या सोयीचे, आणि खुन्याने जे बोलायचे ते नायिकेच्या एकटीच्या कानी बोलायचे. ती मग साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहील, आणि बचाव पक्षाचा वकील तिला पहिला प्रश्न हाच विचारील की ज्या खुनाचा संशय आधी तुमच्यावर होता, त्याची कबुली दुसऱ्या कोणाच्या तोंडी घालण्यात तुमचा फायदा होता की नाही.